अकरा रुपयांचं कोडं : मोबाइल अ‍ॅपवरच्या बक्षीस स्पर्धेचं एक प्रकरण

या प्रकरणात मी वकील म्हणून होतो, आणि एका जागी चुकलोही. गाव, अ‍ॅप, माणसं यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कायदे, तारखा आणि कराचे दर खरे आहेत.

पार्श्वभूमी

कृष्णाकाठच्या एका शहरात मराठी शब्दकोड्यांचं एक अ‍ॅप चालतं. कोडी रचतात त्या निवृत्त मराठी शिक्षिका. सगळं गाव त्यांना बाई म्हणतं, मीही म्हणतो. अ‍ॅप बांधलं त्यांच्या भाच्याने. रोज एक कोडं, फुकट. जाहिरातीतून सर्व्हरचा खर्च जेमतेम निघायचा.

2025 च्या जूनमध्ये भाच्याने कल्पना काढली की गणपतीत बक्षीस स्पर्धा घ्यायची. प्रवेश फी अकरा रुपये. पहिलं बक्षीस इलेक्ट्रिक स्कूटर, पुढे पैठण्या आणि सोन्याच्या नथी. स्कूटर विक्रेता आणि एक सराफ प्रायोजक म्हणून तयार झाले. गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती. त्या दिवशी पहिलं कोडं, अनंत चतुर्दशीला निकाल. एसटी स्टँडवर स्कूटरच्या फोटोसकट फलक लागले आणि मग मला फोन आला. फलक आधी आणि वकील नंतर, हा क्रम आमच्याकडे नवा नाही.

बाईंचा पहिलाच प्रश्न सरळ होता : "वकीलसाहेब, शाळेत मी तीस वर्षं कोडी घातली. अकरा रुपये घेतले की तो जुगार हुतोय व्हय?"

अडचण कुठे होती

कोडी आणि बक्षिसं यांच्यावर आपल्याकडे एक जुना, खास कायदा आहे, 1955 चा बक्षीस स्पर्धा अधिनियम. अक्षरं, शब्द किंवा आकडे जुळवून सोडवायच्या कोड्यांवर बक्षीस लावणं, हाच त्याचा विषय. मुंबई राज्याच्या विधिमंडळासह अनेक राज्यांनी ठराव केल्यावर संसदेने तो केला. त्यातली मर्यादा आज वाचली तर हसू येतं : महिन्याला सगळी मिळून बक्षिसं एक हजार रुपयांच्या वर नकोत, प्रवेशिका दोन हजारांच्या वर नकोत, आणि त्याच्या आत असलात तरी परवाना हवाच. आमची एक नथसुद्धा या मर्यादेत बसत नव्हती.

मग वर्तमानपत्रांतली कोडी कशी चालतात? त्याचं उत्तर 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, बक्षीस स्पर्धा चालवणाऱ्या आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या खटल्यात दिलं. हा कायदा जुगाराच्या स्वरूपाच्या स्पर्धांपुरताच आहे. जिथे यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असतं तिथे तो लागू होत नाही. त्याच वर्षीचा याच मंडळींचा दुसरा खटला मुंबई राज्याविरुद्धचा. बंगलोरहून निघणाऱ्या साप्ताहिकातली कोडी मुंबई राज्यात हजारो लोक पैसे भरून सोडवायचे. तिथे न्यायालयाला ती स्पर्धा जुगाराच्या अंगाची वाटली. संपादकाजवळच्या उत्तराशी तुमचं उत्तर जुळलं तरच बक्षीस, ही त्या स्पर्धेची रीत होती.

महाराष्ट्राच्या 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातही कलम 13 मध्ये निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. एवढं वाचून मी जूनमध्ये सांगितलं की शब्दकोडं म्हणजे कौशल्य, अकरा रुपयांचं समर्थन करता येईल. कोड्यापुरतं ते बरोबर होतं. माझी चूक अशी की मी कोडं तपासलं, नियमावली तपासली नाही.

नियमावली भाच्याने कुठल्याशा मोठ्या स्पर्धेवरून उतरवली होती. त्यातला नियम 9 मी जुलैअखेरीस वाचला : "एकापेक्षा जास्त अचूक उत्तरे आल्यास विजेता सोडतीद्वारे निवडला जाईल."

चाळीस शब्दांचं सोपं कोडं, हजारो लोक खेळणार, शेकडो जणांचं सगळं बरोबर येणार. म्हणजे स्कूटर प्रत्यक्षात चिठ्ठीवरच जाणार. चाळीस शब्दांचं कौशल्य शेवटच्या एका चिठ्ठीपाशी येऊन संपत होतं. लोकांकडून पैसे घ्यायचे आणि चिठ्ठी काढून बक्षीस द्यायचं, याला लॉटरी म्हणतात. लॉटरी काढायचा अधिकार 1998 च्या कायद्याने फक्त राज्य सरकारांना आहे. खासगी माणसाने लॉटरीचं कार्यालय थाटलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 297 लागतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हेच कलम 294-अ होतं.

दुसरी भानगड चाचणीत निघाली. बाईंच्या एका कोड्यात उभा शब्द होता, "पाण्याचं भांडं, तीन अक्षरी". त्याला आडवा छेदणारा एकही शब्द नव्हता. त्यांच्या मनात होतं "घागर". पण कळशी तीन अक्षरी, बादली तीन अक्षरी, रांजणही तीन अक्षरीच. मी म्हटलं, "बाई, इथे कौशल्य कुठलं? तुमच्या मनातली घागर कोणाला दिसते?" त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "खरंय. शाळेत असतं तर चारही बरोबर धरली असती." 1957 चा खटला मला इतका नेमका एका घागरीत सापडेल असं वाटलं नव्हतं.

समोरचे पर्याय

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चार वाटा मांडल्या.

अकरा रुपये ठेवायचे, सोडत काढून टाकायची आणि कौशल्याच्या बळावर उभं राहायचं, ही पहिली. तेव्हा ती टिकण्यासारखी होती आणि भाच्याचा जीव तिच्यात होता, कारण आगाऊ नोंदणी त्याने सुरूही केली होती.

दुसरी वाट सराफांनी सुचवली : प्रवेश फुकट, पण दुकानातलं बिल दाखवेल त्यालाच कोडं उघडेल. ऐकायला निरुपद्रवी वाटतं. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या, कलम 2(47), बघा. मालाची विक्री किंवा आपला धंदा वाढवण्यासाठी स्पर्धा, लॉटरी, नशिबाचा वा कौशल्याचा खेळ घेणं, विहित केलेले अपवाद सोडून, त्यात येतं. कौशल्याचाही, हे लक्षात घ्या. शब्दशः वाचलं तर दिवाळीतल्या निम्म्या जाहिराती त्यात बसतील. व्यवहारात सगळे चालवतात. पण बिलाची अट घातली की आपण होऊन त्या व्याख्येच्या मधोमध जाऊन उभं राहतो.

याच तरतुदीच्या जुन्या रूपावर 'कौन बनेगा करोडपती'चं प्रकरण गाजलं होतं. 2007 मध्ये प्रेक्षकांसाठी 'हर सीट हॉट सीट' ही स्पर्धा होती आणि एसएमएसला 2 रुपये 40 पैसे पडायचे. बक्षिसाचा पैसा या एसएमएसमधूनच येतो, अशी तक्रार झाली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये एक कोटी रुपयांची दंडात्मक भरपाई लावली. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ती रद्द केली, कारण एसएमएसच्या पैशातून बक्षीस दिलं गेल्याचा पुरावा तक्रारदारांनी दिला नव्हता. आमच्याकडे तो पुरावा शोधायला कोणाला लांब जायला नको होतं. फीचं खातं एकच, आणि पैठण्या त्यातूनच घ्यायच्या ठरल्या होत्या.

तिसरी वाट वार्षिक वर्गणीची : 199 रुपये, आणि स्पर्धा फक्त वर्गणीदारांना. मला ती अकरा रुपयांचीच मोठी बहीण वाटली.

चौथी : प्रवेश पूर्ण फुकट, खरेदीची अट नाही, बक्षिसं प्रायोजकांची, निर्णय कौशल्यावर. यात अ‍ॅपला थेट उत्पन्न शून्य. भाचा म्हणाला, "मग करायचं कशाला?"

19 ऑगस्टपर्यंत आम्ही पहिल्या वाटेवर होतो. सोडत काढून टाकायची, फी ठेवायची.

20 ते 22 ऑगस्ट

20 तारखेला लोकसभेने ऑनलाइन गेमिंगचं विधेयक मंजूर केलं, 21 ला राज्यसभेने, 22 ला राष्ट्रपतींची संमती. स्पर्धेला पाच दिवस उरले होते.

त्यातली "ऑनलाइन मनी गेम"ची व्याख्या मी रात्री तीनदा वाचली. फी भरून, पैसे ठेवून किंवा अन्य काही डावावर लावून, जिंकण्याच्या आशेने खेळलेला खेळ; मग तो कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा. फक्त ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमचे क्रीडासामने, वगळलेले. चमारबागवाला प्रकरणापासून सत्तर वर्षं ज्या फरकावर वकील उभे होते, तो या व्याख्येत उरलाच नव्हता. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत किंवा पन्नास लाखांपर्यंत किंवा दोन्ही. पैशाचा व्यवहार करून देणाऱ्या बँका आणि पेमेंट कंपन्याही कचाट्यात. एसटी स्टँडवरचा आमचा फलक माझ्या डोळ्यासमोर आला.

कायदा केंद्र सरकार ठरवेल त्या तारखेपासून लागू होणार होता. भाच्याचं म्हणणं, तोपर्यंत एक स्पर्धा उरकून घेऊ. इथे मी ठाम राहिलो. अधिसूचना कोणत्या सकाळी निघेल ते आपल्या हातात नाही, आणि मध्येच निघाली तर हजार लोकांचे पैसे आपल्याकडे अडकलेले असतील. दुसऱ्या दिवशी पेमेंट गेटवेकडूनच, म्हणजे फीचे ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या कंपनीकडूनच, ई-मेल आला, तुमच्या अ‍ॅपवर फी घेऊन बक्षीस आहे का ते कळवा. वाद तिथेच मिटला.

काय केलं

चौथी वाट धरली. स्पर्धा गणपतीऐवजी नवरात्रात नेली, 22 सप्टेंबरपासून तीन आठवडे तीन कोडी.

आधी परतावा. 1,140 जणांनी अकरा रुपये भरले होते, म्हणजे 12,540 रुपये. बहुतेकांना आले त्याच मार्गाने परत गेले. काहींचे व्यवहार फसले आणि भाच्याला एकेकाला फोन करून पैसे पोचवावे लागले. गेटवेचं कमिशन आमच्या खिशातून. अकरा रुपयांसाठी फोन आला म्हणून एका आजोबांना तो सायबर भामटाच वाटला. "मला पैसे नकोत, तू फोन ठेव," एवढंच ते म्हणत राहिले.

सराफांना समजावणं अवघड गेलं. शेवटी बिलाची अट सुटली. त्याऐवजी भाग घेणाऱ्या प्रत्येकाला, जिंको न जिंको, दुकानाचं सवलतीचं कूपन. त्यांनी चार नथींच्या दोन केल्या. ते त्यांच्या जागी बरोबरच होते.

कोड्यांची फेरतपासणी हे काम बाईंनी मनावर घेतलं. प्रत्येक शब्दाला किमान एक छेद, एकाहून जास्त उत्तरं बसत असतील तर सगळी ग्राह्य, आणि दोन त्रयस्थ शिक्षकांनी आधी सोडवून बघायचं. घागर गेली.

बरोबरी कशी सोडवायची हा खरा पेच होता. सर्वात कमी वेळ लावणारा जिंकेल, असं भाच्याचं मत. पण चाचणीत एकाने चाळीस शब्द 58 सेकंदांत भरले होते. उघड आहे, दुसऱ्या फोनवर सोडवून इकडे टाइप केले. शिवाय डोंगरकपारीतल्या गावात रेंज नसते, तिथल्या माणसाचं कौशल्य टॉवरवर का मोजायचं? ठरलं असं की अ‍ॅपवरच्या फेऱ्यांतून वीस जण निवडायचे आणि अंतिम फेरी प्रत्यक्ष, ग्रंथालयाच्या सभागृहात, कागद-पेन्सिलीने, परीक्षकांसमोर. एसटीचं भाडं आयोजकांचं. मोबाइल स्पर्धेचा शेवट पेन्सिलीने करणं भाच्याला लाजिरवाणं वाटत होतं.

नियमावली नव्याने मराठीत लिहिली, दीड पानात : कोण भाग घेऊ शकतो, निवड कशी, बक्षीस कोण देतं, कर कोण भरतं, निकाल कुठे आणि कधी. ती आधी वेबसाइटवरच ठेवली होती. आयफोनच्या स्टोअरचा नियम असा की स्पर्धेचे नियम अ‍ॅपमध्येच दिसले पाहिजेत, आणि अ‍ॅपल कंपनीचा स्पर्धेशी काही संबंध नाही हेही स्पष्ट लिहिलं पाहिजे. त्यापायी अपडेट दोन दिवस रखडलं.

"तमिळनाडू वगळून" ही ओळही उतरवलेल्या नियमावलीत होती. अशा ओळी आपण दिवाळीच्या जाहिरातींत बारीक अक्षरात वाचतो. त्यामागे त्या राज्याचा 1979 चा बक्षीस योजना बंदी कायदा आहे, आणि त्याचा रोख खरेदीला जोडलेल्या चिठ्ठीच्या योजनांवर आहे. आमच्याकडे आता खरेदी नव्हती, चिठ्ठीही नव्हती. तरी पहिल्या वर्षी जोखीम नको म्हणून मी ती ओळ राहू दिली. चेन्नईहून एका वाचकाने विचारलं, तंजावरात तीनशे वर्षं मराठी आहे आणि तुमच्या कोड्यात आम्हाला जागा नाही का? माझ्याकडे कायदेशीर उत्तर होतं, चांगलं नव्हतं.

स्कूटरचा कर

हा भाग कोणीच आधी विचारात घेतला नव्हता. ऑनलाइन खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर तेव्हाच्या, 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 194-बीए खाली 30 टक्के टीडीएस, म्हणजे बक्षीस देणाऱ्यानेच आधी कापून भरायचा कर, कापावा लागायचा, 1 एप्रिल 2023 पासून. लॉटरी, शब्दकोडी वगैरेंसाठीच्या 194-बी मध्ये दहा हजारांची सूट-मर्यादा होती. 194-बीए मध्ये तशी नव्हती. आपला खेळ अर्धा अ‍ॅपवर, अर्धा सभागृहात, मग कुठलं कलम? आमच्या सीए (कोडीवाल्या बाई नव्हेत, चार्टर्ड अकाउंटंट) बाईंनी जपून चालायचं ठरवलं आणि सगळ्या बक्षिसांना 194-बीए लावलं. साडेआठ हजारांची पैठणीही त्यात आली.

वस्तूरूप बक्षिसात कापणार काय? स्कूटरचं चाक? म्हणून कायदा सांगतो की कर भरला गेल्याची खात्री झाल्याशिवाय वस्तू हातात द्यायची नाही. स्कूटरची किंमत 92,000, कर 27,600. आम्ही गृहीत धरलं होतं की विजेता भरेल. सीए बाईंनी विचारलं, "आणि त्याच्याकडे नसले तर?" स्कूटर रद्द करून रोख द्यावी तर फलकावर फोटो लागलेला. देऊ म्हटलेलं बक्षीस न देणं ग्राहक कायद्यात वेगळंच अंगावर येतं.

शेवटी स्कूटरसोबत रोख बक्षीस जोडलं, एवढं की सगळ्याचा कर त्यातून निघावा. रोख 39,429 धरली की एकूण बक्षीस 1,31,429 होतं आणि त्याचे 30 टक्के जवळपास तेवढेच. नुसते 27,600 भरून भागत नाही, कारण विजेत्याचा कर आपण भरला तर तोही त्याला मिळालेलाच लाभ धरला जाण्याची शक्यता असते. पैठण्या आणि नथींना हीच रीत. पैसे बाईंनी स्वतःच्या ठेवीतून घातले. ते मला नंतर कळलं.

निकाल

12 ऑक्टोबरच्या रविवारी अंतिम फेरी झाली. वीसपैकी अठरा आले. 58 सेकंदवाल्याच्या जातीचे दोघेतिघे पेन्सिल हातात आल्यावर अर्ध्यावर अडकले. स्कूटर गेली एका गावच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंकडे. त्यांना गाडी येत नाही, मुलगी चालवते. कर भरल्याचं चलन आधी, किल्ली नंतर, असा क्रम ठेवला. टीडीएस 30 टक्के असला तरी प्रत्यक्ष करावर 4 टक्के उपकर वेगळा बसतो, हे त्यांना आधीच सांगून त्यांचं रिटर्न भरून द्यायचं सीए बाईंनी कबूल केलं.

तिसऱ्या आठवड्याच्या पैठणीचा विजेता निघाला नववीतला मुलगा, वडिलांच्या फोनवरून खेळलेला. दीड पानाच्या नियमावलीत वयाची अट लिहायची राहून गेली होती. पैठणी पालकांच्या सहीने त्याच्या आईला दिली. आई खूश, आम्ही घामाघूम.

आणखी एक घोळ. विजेत्यांकडून पॅन मागवताना भाच्याने सोयीसाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, आणि तासाभरात सात पॅनकार्डांचे फोटो एकमेकांना दिसत होते. ग्रुप मोडला, फोटो काढायला लावले, सातही जणांना फोन करून माफी मागितली. असल्या घोळासाठी वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा 2023 चा कायदा मंजूर झालेला आहेच, पण त्या संध्याकाळी भाच्याला कायद्यापेक्षा बाईंची भीती जास्त होती.

निकाल अ‍ॅपवर, आणि फलक जिथे होते तिथेही लावला. योजना संपल्यावर अंतिम निकाल दडवून ठेवणं हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. पैशाच्या हिशेबात स्पर्धा तोट्यात गेली.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात आधी नियम 9. "शब्दकोडं म्हणजे कौशल्य" हे वाक्य मी जूनमध्ये बोललो तेव्हा विजेता नेमका कसा निवडणार, एवढं विचारलं असतं तर जुलै वाचला असता. आता कोणीही स्पर्धा घेऊन आला की मी पहिल्यांदा नियमावलीचं शेवटचं पान उलटतो.

फी न घेता आगाऊ नोंदणी करता आली असती. मग परताव्याचे फोन टळले असते. फलकावर स्कूटरऐवजी "आकर्षक बक्षिसं" एवढंच असतं तर कराचं ओझं कळल्यावर रोख बक्षिसाकडे वळता आलं असतं. भाच्याला हे पटत नाही. त्याच्या मते स्कूटरच्या फोटोशिवाय एवढे लोक आलेच नसते. त्याचंही खरं असेल.

तमिळनाडूच्या ओळीबद्दल माझं मत बदललंय. कोडी सोडवायला सगळ्यांना द्यायची आणि बक्षिसाच्या पात्रतेचा प्रश्न राज्यागणिक तपासायचा, हे करता आलं असतं. मी सोपं तेवढं केलं.

सीएंना जूनमध्येच बोलवायला हवं होतं. बाईंची ठेव मोडली नसती.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेसाठी शाळकरी मुलांचा वेगळा गट आखायला घेतलाय, पालकांच्या संमतीने, बक्षीस फक्त पुस्तकांचं. परवा बाईंनी पहिलं कोडं तपासायला पाठवलं. आडवा 12 : "पाण्याचं भांडं, तीन अक्षरी." खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, छेद दोन आहेत, बघून घ्या.